चाळिशीनंतर पोहायला शिकणं: मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मी पोहायला शिकले. तोवर पाण्याशी माझा संबंध बादली आणि तांब्यापुरता. गणपतीपुळ्याला गेलो की घरची सगळी लाटांत आणि मी काठावर चपला सांभाळत, असे आमच्याकडे अल्बमभर फोटो आहेत. आता पोहता येतं म्हटल्यावर ऑफिसातल्या मैत्रिणी, जावा, नणंदा, सोसायटीतल्या काकू आणि इकडेतिकडे बघून हळूच विचारणारे काही काका, सगळे साधारण तेच तेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवते आहे. मी प्रशिक्षक नाही. उशिरा शिकलेली विद्यार्थिनी आहे, एवढं लक्षात ठेवून वाचा.

या वयात खरंच पोहायला येतं का?

येतं. आमच्या सकाळच्या बॅचमध्ये बासष्ट वर्षांच्या एक आजी होत्या. गुडघ्यांचं दुखणं घेऊन आल्या आणि माझ्याआधी तरंगायला लागल्या. लहान मुलं लवकर शिकतात हे खरं, कारण त्यांना पाण्याची भीती साठवायला वेळच मिळालेला नसतो. मोठ्यांचा फायदा असा की सांगितलेलं कळतं आणि का सांगितलं तेही कळतं. तोटा म्हणजे अंग आखडलेलं असतं. वर्षानुवर्षं खुर्चीत बसून माझी मान आणि खांदे लाकडासारखे झाले होते, पण खरी अडचण घोट्यांची निघाली. पाय मारताना पाऊल मागे ताणलेलं आणि सैल हवं. माझं पाऊल काटकोनात राहायचं, म्हणजे मी पाय मारतेय जिवाच्या आकांताने आणि आहे तिथेच. एकदा तर चक्क दोन फूट मागे गेले. घरी टीव्ही बघताना वज्रासनात बसायला लागले, तेव्हा तीन आठवड्यांत फरक पडला.

‘पाण्यात पडलं की पोहता येतं’ म्हणतात. मग सरळ उडी मारली तर?

या वाक्यावर माझा जुना राग आहे. नवी नोकरी, नवं शहर, लग्न, पहिलं भाषण, काहीही असो, आपल्याकडे कुणी घाबरलं की हेच ऐकवतात. मी खरोखर पाण्यात पडलेली आहे. पोहता आलं नाही.

नऊ वर्षांची असेन. आजोळी, सातारा जिल्ह्यात, मामाच्या मळ्यात पायऱ्यांची विहीर होती. मे महिन्यात सगळी मामेभावंडं तिथे. मी तिसऱ्या पायरीवर बसून पाय बुडवत होते, तेवढ्यात एका भावाने मागून ढकललं. आठवतं ते हिरवं पाणी, कानांत भरलेली गच्च शांतता आणि मग डोक्यात सणक, कारण मामाने मला वेणीला धरून वर काढलं होतं. सगळे हसत होते. मामाही हसला, ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणाला. त्यानंतर सदतीस वर्षं मी गळ्याच्या वर पाणी येऊ दिलं नाही.

गंमत म्हणजे त्याच विहिरीवर मुलांना शिकवायची एक अगदी शहाणी पद्धत होती, ती मला फार उशिरा उमगली. आधी पाठीला पांगाऱ्याचा ओंडका बांधायचा. पांगाऱ्याचं लाकूड हलकं, बुडत नाही. कुणाकडे वाळलेला भोपळा असे, कुणाकडे तोंड बंद केलेला पत्र्याचा डबा. चार दिवसांनी तो काढून कमरेला दोर बांधायचा आणि काठावरच्या मोठ्या माणसाने तो हातात धरायचा, आधी ताणून, मग जरा सैल. शेवटी दोर नुसताच पाण्यावर पडलेला असायचा आणि मुलगा पोहत असायचा. म्हणीत पडणं आलं, दोर राहून गेला.

मानसशास्त्रातही हे फार पूर्वी नोंदलं गेलंय. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन संशोधिकेने पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवली, तिचा वृत्तांत प्रसिद्ध आहे. ससा पोराच्या अंगावर टाकला नाही. पीटर आवडीचं काहीतरी खात असताना पिंजरा खोलीत लांब ठेवला आणि मग दिवसागणिक थोडा थोडा जवळ आणला. शेवटी पोरगं सशाला कुरवाळायला लागलं. माझ्या बाबतीत ससा म्हणजे साडेतीन फूट पाणी होतं, एवढाच फरक.

तेव्हा उडी मारू नका. आणि कुणी ‘गंमत म्हणून’ ढकलणारं बरोबर असेल, तर त्या माणसाबरोबर जाऊच नका.

हे कम्फर्ट झोनमधून बाहेर पडणं वगैरे आहे का?

ऑफिसात एका प्रशिक्षणात आम्हाला एक वर्तुळ काढून दाखवलं होतं. आत तुम्ही, बाहेर ‘जादू’. मला ते चित्र पटलं नाही. माझ्या वर्तुळाबाहेर जादू नव्हती, क्लोरिनचं पाणी होतं. आणि आतही मी काही लोळत नव्हते. घर, नोकरी, सासऱ्यांचं आजारपण, मुलीची दहावी, सगळं आतच होतं. आराम असा त्यात काडीचा नाही, पण सवय होती. मराठीत मी त्याला ‘अंगवळणी पडलेलं’ म्हणेन. आपण सोडायला घाबरतो ते अंगवळण. कष्टाची खोडही सुटता सुटत नाही.

किती बाहेर पडायचं याचं उत्तर मात्र कामाचं आहे. यर्कीस आणि डॉडसन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेला प्रयोग या विषयात नेहमी सांगतात. उंदरांनी दोन खोक्यांतलं योग्य खोकं ओळखायचं, चुकलं तर विजेचा झटका. ओळखणं अवघड असताना अगदी सौम्य झटक्याने उंदीर रमतगमत शिकत, फार जोराच्या झटक्यानेही शिकणं रखडे, मधल्या झटक्याने ते सर्वांत लवकर शिकत. माणूस उंदीर नाही आणि कुणी कुणाला झटके देऊ नयेत. पण टँकवर मला रोज हेच दिसलं. छातीत थोडं धडधडत असेल, तर सर सांगतात ते ऐकू येतं. धडधड कानांत वाजायला लागली की सरांचे फक्त ओठ हलताना दिसतात. अशा वेळी एक पायरी मागे यायचं. तो पळपुटेपणा नाही.

लहान मुलांमध्ये शिकायची लाज वाटत नाही का?

वाटते की! पाण्याच्या भीतीपेक्षा ही मोठी होती, आणि ती मला टँकवर जाईपर्यंत माहीतही नव्हती.

बघा ना, ऑफिसात माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत. मी सही केल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. आणि इथे मी कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभी, डोक्यावर घट्ट रबरी टोपी, गाल बाहेर आलेले, आणि शेजारून आठ वर्षांचा पोरगा माशासारखा सुळकन जातोय. बावीस-तेवीस वर्षांनी मी कुठेतरी ‘ढ’ होते. मोठेपणी आपण नवीन काही शिकत नाही ते वेळ नाही म्हणून, असं मी समजत होते. खरं कारण हे असावं: ढ असण्याची सवय गेलेली असते.

त्याच पोराने मला पहिला मोठा धडा दिला. मी पाण्यात तोंड घालायची, तीन-चार सेकंदांत दचकून वर यायची, खोकायची. चौथ्या दिवशी तो कठड्याला लोंबकळत माझ्याकडे बघत म्हणाला, ‘काकू, तुम्ही श्वास धरून ठेवताय. सोडा ना तो.’

‘सोडला तर मग आत काय राहील?’

‘वर आल्यावर परत मिळतो की!’

त्याची आई लांबून ‘आंटींना त्रास देऊ नकोस’ म्हणून ओरडली आणि तो गेला. पण त्याचं बरोबर होतं. कसं, ते पुढे लिहिते.

पोशाखाचं काय? मला ते कपडे घालवणार नाहीत.

गुडघ्यापर्यंतचे, घोट्यापर्यंतचे, लांब बाह्यांचे, सगळे कॉस्च्युम मिळतात. टँकच्या नियमात कापड नायलॉन-लायक्राचं हवं एवढंच बहुतेक असतं. त्याला कारण आहे: सुती कपडा पाणी पितो, जड होतो आणि त्याचे धागे टँकच्या फिल्टरमध्ये जातात. सलवार-कमीज घालून उतरायचा हट्ट करू नका. ओढणी पायांत अडकते, कमीज फुगून तोंडावर येतो.

लाजेबद्दल एकच सांगते. चेंजिंग रूमपासून पाण्यापर्यंत पंचवीसेक पावलं होती. पहिल्या दिवशी मी ती टॉवेल गुंडाळून चालले. दुसऱ्या आठवड्यात टॉवेल खांद्यावर होता. एक महिन्याने तो पिशवीतच विसरायला लागले. कुणीही माझ्याकडे बघत नव्हतं. जो तो आपापलं पोट आत घेण्यात गुंतलेला होता.

शक्यतो महिलांची स्वतंत्र बॅच आणि महिला प्रशिक्षक मिळाली तर सुरुवातीला बरं पडतं. नाही मिळाली म्हणून थांबू नका.

पहिल्या दिवशी नेमकं काय करतात?

माझ्या बाबतीत: काहीच नाही. सर म्हणाले, ‘मॅडम, आज फक्त आत चाला.’ उथळ भागात, कठडा धरून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाणी छातीला लागलं की दम कोंडल्यासारखं होतं, कारण पाण्याचा दाब खरोखरच छातीवर पडत असतो. तो काही मिनिटांत सवयीचा होतो. मग कठडा एका हाताने. मग एका बोटाने. चाळीस मिनिटं मी म्हशीसारखी पाण्यात फिरत होते आणि घरी येऊन दोन तास झोपले.

नंतरचा क्रम साधारण असा असतो: तोंडाने पाण्यात बुडबुडे काढणं, डोकं बुडवणं, कठडा धरून पाय मारणं, किकबोर्ड म्हणजे हातात धरायची तरंगती फळी घेऊन पाय मारणं, तरंगणं, हात. कुणाला आधी तरंगायला शिकवतात, कुणाला पाय मारायला. पण पहिल्याच दिवशी कुणी ‘चला, खोलात’ म्हणालं तर टॉवेल उचला आणि घरी या. आणखी एक गोष्ट: मी उभं राहायला शिकले. हसू नका. पालथं तरंगताना पुन्हा पायांवर यायचं कसं हे आधी यायला हवं. गुडघे पोटाशी, हातांनी पाणी खाली दाबायचं, डोकं वर. एकदा ते जमलं की निम्मी भीती संपते, कारण परत येता येतं हे अंगाला कळतं.

नाकातोंडात पाणी जातं, श्वास पुरत नाही. काय करू?

पुन्हा त्या पोराकडे जाऊ. आपल्याला वाटतं श्वास कोंडतो तो हवा संपते म्हणून. पण काही सेकंदांतच जी तगमग सुरू होते ती मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याची असते, ऑक्सिजन संपल्याची नव्हे. त्यात श्वास धरून ठेवला की वर आल्यावर आधी तो बाहेर टाकायचा आणि मग नवा घ्यायचा, ही दोन कामं अर्ध्या सेकंदात करावी लागतात. तिथे गडबड होते आणि आपण गटांगळी खातो.

उपाय: पाण्याखाली असताना नाकातोंडाने सावकाश हवा सोडत राहायचं. गरम चहावर फुंकर घालतो तशी, घाई नाही. नाकातून हवा बाहेर येत असेल तोवर पाणी आत शिरत नाही. वर आलं की फक्त घ्यायचं. मी हे घरी बादलीत शिकले. रोज अंघोळीआधी बादलीभर पाण्यात तोंड घालून वीस वेळा. मुलीने एकदा दार उघडं बघून आत डोकावलं आणि बाबांना हाक मारली, ‘आई बादलीशी बोलतेय.’ बोलले, पण पंधरा दिवसांत श्वास बसला.

मी जाड आहे / बारीक आहे. तरंगेन का?

जाड असाल तर अभिनंदन. चरबी पाण्यापेक्षा हलकी असते. स्नायू आणि हाडं जड. छातीत हवा भरलेली असेल तर बहुतेक माणसं गोड्या पाण्यातही जेमतेम का होईना तरंगतात, समुद्राचं पाणी खारट आणि जड असल्याने तिथे आणखी सहज. काटक पुरुषांचे पाय मात्र खाली जातात. हवा छातीत असते आणि शरीराचं वजन कमरेपाशी, म्हणून पायांकडची बाजू कलते. त्यांनी हात डोक्याच्या वर लांब करावेत, थोडं संतुलन येतं.

डोकं वर काढलंत की पाय बुडणार, हा नियम सगळ्यांना लागू. आणि घाबरून डोकं वर काढणं ही तर पहिली प्रतिक्रिया. उताणं तरंगताना कान पाण्यात जाऊ द्यावे लागतात. मला त्याला अकरा दिवस लागले, कारण कानांत पाणी गेलं की मी पुन्हा त्या विहिरीत असायची. बाराव्या दिवशी सरांनी डोक्याखाली फक्त दोन बोटं ठेवली होती. ती कधी काढली मला कळलं नाही. छपराचे पत्रे दिसत होते आणि एका पत्र्यावर कबुतर बसलं होतं, तेवढं लक्षात आहे.

किती दिवसांत येतं?

जाहिरातीत एकवीस दिवस लिहितात. मला एक टँक रुंदीत पार करायला दोन महिने लागले, लांबीत पंचवीस मीटर न थांबता जायला पाच. मधले तीन आठवडे मी गेलेच नाही. सर्दीचं निमित्त केलं, खरं तर जमत नव्हतं म्हणून. परत गेले तेव्हा वाटलं होतं सगळं विसरले असेन. तसं झालं नाही, तरंगणं तसंच होतं. आठवड्यातून एकदा दोन तास जाण्यापेक्षा चार दिवस चाळीस-चाळीस मिनिटं जा.

शिकवणारा कसा निवडावा?

फी भरण्याआधी एक दिवस नुसतं बसून बघा. शिकवणारा पाण्यात उतरतो की काठावरून फोन बघत शिट्टी मारतो? रडणाऱ्या मुलाशी कसा वागतो? किती जणांमागे एक आहे? शिकवणाऱ्याव्यतिरिक्त वेगळा जीवरक्षक हजर असतो का? मी आधी गेले होते त्या टँकवर एका गृहस्थांनी मला ‘एवढं काय घाबरता, दोन पोरांची आई ना तुम्ही’ म्हणून हात ओढला. एक तर मला एकच मुलगी आहे. मी फी सोडून दिली. हा निर्णय मला आजही पोहण्याइतकाच धाडसाचा वाटतो.

नंतरचे सर उलट. ते दर वेळी आधी सांगत, ‘आता मी हात काढणार आहे. काढू?’ मी ‘नको’ म्हटलं तर काढत नसत. पहिल्या महिन्यात मी किती वेळा ‘नको’ म्हटलं असेल, देव जाणे. त्या ‘नको’ला किंमत होती म्हणूनच एक दिवस ‘काढा’ म्हणता आलं.

खोल भागात पहिल्यांदा जाताना काय होतं?

पोटात खड्डा पडतो. उथळ भागात तळाच्या फरशा दिसतात आणि पाय केव्हाही टेकतील हा हिशेब मनात चालू असतो. आमच्या टँकला मध्येच उतार होता. पोहता पोहता फरशा खाली खाली जायला लागतात आणि पाण्याचा रंग बदलतो. खाली पाणी साडेतीन फूट असलं काय नि बारा फूट असलं काय, वरचं सगळं सारखंच. हे मला पूर्ण माहीत होतं. पायांना माहीत नव्हतं.

सर कठड्यावरून माझ्याबरोबर चालत होते, हातात लांब बांबू. तो माझ्या खांद्यापासून हातभर अंतरावर, पाण्याला टेकलेला. ‘धरायचा असेल तर आहे. धरलाच पाहिजे असं नाही.’ मामाच्या विहिरीवरचा दोरच तो, मला तेव्हाच वाटलं. पहिल्या फेरीत मी बांबू तीनदा धरला. दुसऱ्यांदा एकदा. तिसऱ्या फेरीत मध्यावर मान वळवून बघितलं, तर सर बांबू खांद्यावर टाकून दुसऱ्याच कुणाशी बोलत होते. मला इतका राग आला की रागारागात पलीकडे पोचले.

खोलात जाण्याआधी एका जागी पाणी तुडवत उभं राहणं आणि उताणं तरंगणं, या दोन्ही गोष्टी यायलाच हव्यात. दम लागला की थांबायला जागा तीच.

चष्मा, केस, पाळी, क्लोरिन?

नंबरचे गॉगल मिळतात. माझा उणे चार आहे, तयार मिळाला. केस उतरण्याआधी साध्या पाण्याने भिजवून मग टोपी घाला. आधीच ओले असले की टँकचं पाणी कमी शोषतात. पाळीत टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्या बायका पोहतात, मी चार दिवस सुट्टी घेते, मला ती आवडते. कानात पाणी राहिलं तर मान कलती करून कानाची पाळी ओढा, काडी घालू नका.

क्लोरिनबद्दल एक गैरसमज: उग्र वास आला की लोक म्हणतात पाणी एकदम स्वच्छ. तो वास क्लोरिनची घाम, लघवी वगैरेंशी गाठ पडून जी क्लोरामाइन्स तयार होतात त्यांचा असतो. म्हणून आधी शॉवर घ्या, आणि बाकीचं टॉयलेटमध्ये करा. मोठी माणसंही ऐकताहेत ना?

हृदयविकार, रक्तदाब, फिट येणं असेल तर?

आधी डॉक्टरांना विचारा आणि प्रशिक्षकाला स्पष्ट सांगा. लपवू नका. फिट येणाऱ्या माणसाने एकट्याने पाण्यात कधीच उतरू नये.

घरचे हसतात. सासूबाई म्हणतात, आता काय करायचंय पोहून?

माझ्या आजीचंही हेच वाक्य होतं, फक्त माझ्या वेळी ते ‘मुलीच्या जातीला काय करायचंय’ असं होतं. आजोळच्या विहिरीवर मुली बारा-तेरा वर्षांच्या झाल्या की त्यांचं पाण्यात जाणं बंद व्हायचं. भाऊ पोहत राहायचे, आम्ही काठावर त्यांचे कपडे सांभाळायचो. माझ्या पिढीतल्या इतक्या बायकांना पोहता येत नाही, त्याला केवळ भीती हे कारण नाही. दोर आमच्या कमरेला कुणी बांधलाच नव्हता.

घरी हसत असतील तर हसू द्या. माझा नवरा महिनाभर ‘जलपरी’ म्हणत होता. त्याला स्वतःला पोहता येत नाही, हे मी चारचौघांत सांगितल्यावर थांबला.

आता पोहता येतं, तर नदीत, धरणात, समुद्रात गेलं तर चालेल?

नाही. इथे मी अजिबात थट्टा करणार नाही. टँकमध्ये तळ दिसतो, कठडा हाताशी असतो, पाणी स्थिर असतं. धरणाच्या काठाला खाली गाळ असतो, झाडांचे बुंधे असतात, एका पावलावर गुडघाभर आणि पुढच्या पावलावर दोन पुरुष. पावसाळ्यात ओढ्याला वरून पाणी कधी येईल सांगता येत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर परतणाऱ्या पाण्याचा जो ओढा तयार होतो, तो चांगल्या पोहणाऱ्यालाही आत नेतो. त्यात सापडलं तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजत बसायचं नाही. तरंगत राहायचं, हात करायचा, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढ्यातून बाजूला व्हायचं. गोव्यात जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यांवर लाल-पिवळे झेंडे लावतात, उतरायचं ते त्या दोन झेंड्यांच्या मधे. नुसता लाल झेंडा असेल तर कोरडं राहायचं.

आणि कुणी बुडताना दिसलं तर, पाच-सहा महिन्यांच्या शिकवणीवर उडी मारू नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्यालाच धरून खाली दाबतो. एकामागून एक घरातली तीन माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो, त्या अशाच घडतात. आरडाओरडा करा, दोर, ओढणी, काठी, रिकामा कॅन, जे हाताला लागेल ते फेका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून मरण पावली.

पोहायला आल्यावर आयुष्यात काय बदललं?

लोकांना इथे मोठं उत्तर हवं असतं. आत्मविश्वास आला, आता मी कशालाच घाबरत नाही, वगैरे. तसं काही नाही. मला अजून चारचाकी चालवता येत नाही, उंच पुलावरून खाली बघवत नाही आणि माइक हातात दिला तर आवाज कापतो. पाण्यातलं धैर्य पाण्यातच राहतं असं दिसतं.

एक गोष्ट बदलली, ती वेगळीच. माझी आई सत्तरीपुढची. फोनवरून पैसे कसे पाठवायचे हे ती मला पुन्हा पुन्हा विचारायची आणि मी तिसऱ्या वेळी चिडून फोन हिसकावून घ्यायची, ‘दे, मीच करते.’ परवा ती बोट स्क्रीनवर अधांतरी धरून थांबली होती. चेहरा मी ओळखला. गाल बाहेर आलेले नव्हते आणि डोक्यावर रबरी टोपी नव्हती इतकंच. मी फोनला हात लावला नाही. म्हटलं, ‘मी इथे बसलेय. तू दाब.’ दोनशे रुपये भाजीवाल्याऐवजी माझ्या भावाला गेले. त्याने ते अजून परत केलेले नाहीत.

वजन कमी होतं का?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो, म्हणून शेवटी ठेवला. पोहण्यात व्यायाम भरपूर होतो, शंका नाही. पण बाहेर आल्यावर जी भूक लागते तिला तोड नाही. आमच्या टँकच्या फाटकासमोर सकाळी सव्वासातला वडापावची पहिली कढई निघते. पहिल्या सहा महिन्यांत माझं वजन दीड किलोने वाढलं.